तीन वेढ्यांचं तेल

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज गॅरेजातलं तेलाचं कपाट आवरलं. ह्यांना जाऊन अकरा महिने झाले. गल्ल्यावर मी दुसऱ्याच महिन्यापासून बसते, पण त्या कपाटाला हात लावायचं धाडस होत नव्हतं. आज सकाळी गिऱ्हाईक नव्हतं, म्हटलं एकदाचं उरकून टाकू.

आठ कॅन निघाले. सगळे चिकट, काळे. प्रत्येकाच्या कडीला तांब्याच्या वायरीचे तुकडे गुंडाळलेले, कुठे एक वेढा, कुठे दोन, कुठे तीन. ह्यांना कसलीही वायर फेकवत नसे. घरी तर चष्म्याची दांडीसुद्धा वायरीनं बांधलेली होती. पक्कड घेऊन सगळ्या वायरी तोडल्या आणि भंगारात टाकल्या. कॅन रॉकेलनं धुतले, पुसले, मागच्या खोलीतल्या मोठ्या डब्यांतून पुन्हा भरले आणि उंचीप्रमाणे ओळीनं लावले. लेकीनं लेबल छापायचं छोटं यंत्र पाठवलंय. त्यावर छापून प्रत्येक कॅनला ठळक अक्षरांत लेबल लावलं: ‘इंजिन’, ‘साधं ऑटोमॅटिक’, ‘पट्ट्याचं ऑटोमॅटिक’, ‘पॉवर स्टिअरिंग’.

हा फरक मी पुस्तकातून शिकले. साध्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला एक तेल लागतं. दुसऱ्या प्रकारात दोन पुल्यांमध्ये लोखंडी पट्टा फिरतो, त्याचं तेल वेगळं. पट्ट्याच्या गिअरबॉक्सात साधं तेल घातलं तर पट्ट्याची पकड सुटते आणि तो पुल्यांवर घसरून त्यांना ओरबाडतो. आमच्याकडे येणारी ही दोन्ही तेलं दिसायला लालच. म्हणून लेबल हवंच.

मिस्त्री दुपारी आले आणि कपाटासमोर बराच वेळ उभे राहिले. बावीस वर्षं ह्यांच्याबरोबर काम केलेला माणूस. ह्यांची आठवण आली असेल.

“छान झालं, वहिनी,” म्हणाले. मग विचारलं, “आता कुठलं कुठे ठेवलंय?”

“लिहिलंय की सगळं.”

“हो. लिहिलंय.”

लेकीला फोटो पाठवला. तिनं टाळ्या पाठवल्या.

बुधवार, ५ फेब्रुवारी

मिस्त्रींचा चष्मा आजही घरी राहिला. सकाळपासून तीनदा हाक मारली, “वहिनी, जरा साध्या ऑटोमॅटिकचं तेल द्या बरं.” तिसऱ्या वेळी मी बिलं लिहीत होते. वैतागून म्हटलं, “मिस्त्री, एवढाली अक्षरं छापलीत, रस्त्यावरून जाणाऱ्यालासुद्धा दिसतील. चष्मा कशाला लागतोय?”

समोर दोन गिऱ्हाइकं होती, ती हसली. मिस्त्रीही हसले. “म्हातारा झालो, वहिनी. आता मला कोपऱ्यात ठेवा आणि वर एक लेबल लावा.” मग आम्ही सगळेच हसलो.

एवढं बोलायला नको होतं. पण खरं सांगायचं तर मला जरा बरंही वाटलं. इतकी वर्षं ह्या दोघांच्या बोलण्यात मी चहा ठेवून मागे फिरत होते. आता गॅरेजात काहीतरी असं आहे, जे मला जास्त कळतं.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज नर्सबाईंची गाडी आली. घरोघरी जाऊन अंथरुणावरच्या रुग्णांची ड्रेसिंगं करतात त्या. दिवसाला दहा-बारा घरं. पट्ट्याचा गिअरबॉक्स, तेल बदलायची वेळ झालेली. मी जॉब कार्डावर नीट लिहिलं, ‘पट्ट्याचं ऑटोमॅटिक, साडेचार लिटर’, मिस्त्रींना वाचून दाखवलं आणि बँकेत गेले. परत आले तर गाडी तयार होती. मिस्त्री हात पुसत होते. कार्डावर नेहमीसारखी त्यांची बरोबरची खूण होती.

“सापडलं ना तेल?” मी विचारलं.

“सापडलं.”

बुधवारपासून त्यांनी मला एकदाही हाक मारलेली नाही. शिस्त लागली म्हणायची.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

नर्सबाईंची गाडी टेम्पोमागे दोरीला बांधून आली. टेम्पोतून त्या स्वतः उतरल्या, हातात ड्रेसिंगची पेटी.

“ताई, तुमच्या गॅरेजात गाडी दिली की माणूस पायी चालून ठणठणीत होतो,” त्या म्हणाल्या. “चढावर मी रेस देतेय आणि गाडी जागची हलत नाही. मागे ट्रक. जळका वास. आणि वर टेकडीवर माझे पेशंट आजोबा सकाळपासून पाय सोडून बसलेत, पट्टी कोण बदलणार? तुम्ही?”

मिस्त्रींनी गाडी दोन हात पुढे घेतली. इंजिन ओरडत होतं आणि गाडी थरथरत होती. उतरून त्यांनी खालचा बोल्ट सैल केला आणि तेलाचा थेंब बोटावर घेतला. चार दिवसांत तेल काळवंडलं होतं. त्यांनी वास घेतला, बोटं एकमेकांवर चोळली, मग वळून कपाटाकडे बघितलं. आणि नंतर माझ्याकडे.

“माझी चूक,” ते नर्सबाईंना म्हणाले. “चुकीचं तेल गेलंय माझ्या हातून. डोळ्यांना दिसत नाही आता नीट.”

मी कपाटाजवळ गेले. ‘साधं ऑटोमॅटिक’ लेबलाचा कॅन साडेचार लिटरनं खाली गेलेला होता. ‘पट्ट्याचं’ काठोकाठ भरलेलं. दोन्ही लेबलं बरोबर होती. मी मनात म्हटलं, माझं काही चुकलेलं नाही. हे मी मनात दोनदा म्हटलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

धाकटे दीर आले. गॅरेजात त्यांचा अर्धा वाटा आहे, पण ते आमच्या शेजारच्या टायरच्या दुकानातच असतात. त्यांना कालच कळलं होतं.

“वहिनी, दादा होता तोवर ठीक होतं. आता ह्या माणसाला दिसत नाही. उद्या एखाद्याच्या ब्रेकमध्ये काहीतरी भलतंच घालेल. महिनाअखेर त्यांना निरोप देऊ. मोठ्या वर्कशॉपमधला एक डिप्लोमावाला आहे, मी बोललोय.” मग त्यांनी विचारलं, “तुमचं काय म्हणणं?”

मिस्त्री रॅम्पखाली होते. त्यांना सगळं ऐकू जात होतं.

मी म्हटलं, “बघू.”

एवढंच. बावीस वर्षांच्या माणसासाठी माझ्या तोंडून ‘बघू’ निघालं.

रविवार, १६ फेब्रुवारी

गॅरेज बंद. घरी बसवेना, म्हणून जाऊन मागची खोली उघडली. तिची किल्ली ह्यांच्यानंतर माझ्याच कमरेला असते. तिथे तेलाचे मोठे डबे आहेत. त्यांच्या कड्यांना अजून तांब्याची वायर आहे. इंजिनच्या तेलाला एक वेढा. साध्या ऑटोमॅटिकला दोन. पट्ट्याच्या तेलाला तीन.

मी तिथेच उलट्या बादलीवर बसले.

आधी वाटलं, अंधाऱ्या खोलीत हाताला कळावं म्हणून ह्यांनी केलं असेल. पण पुढच्या कपाटात तर उजेड असतो. मग आठवलं, मिस्त्री जॉब कार्ड कधी स्वतः वाचत नाहीत. ‘काय काय करायचंय, वाचा बरं, हात तेलाचे आहेत.’ नवीन भाग आला की खोका माझ्याकडे देतात. चष्मा घरी राहतो, पण सुईएवढी क्लिप रॅम्पखाली पडली तर तेच शोधून देतात. आणि सही म्हणून एक खूण.

मिस्त्रींना वाचता येत नाही.

हे मला कळायला हवं होतं, आणि सगळ्यांत आधी कळायला हवं होतं. माझी शाळा दुसरीत सुटली. लग्न होऊन आले तेव्हा मला माझं नाव सोडून काही वाचता येत नव्हतं, आणि ते सासरी कुणाला ठाऊक नव्हतं. माहेरचं पत्र आलं की मी धावत जाऊन हात पिठात घालायचे. ‘माझे हात भरलेत, तुम्हीच वाचा मोठ्यानं.’ दोन वर्षं ते पीठ मळलं. सुट्या भागांच्या खोक्यांवरून, भाग गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्रांवरून एकेक अक्षर जुळवलं, तेव्हा सुटले. मग पुस्तकांची चटक लागली आणि मी ते पीठ विसरले.

‘हात तेलाचे आहेत’ हे वाक्य मी गेले दहा महिने रोज ऐकतेय.

ह्यांना माहीत होतं. मला कधी सांगितलं नाही. रागही आला. पण सांगितलं असतं तर मी कुणाजवळ बोलले नसते का? नक्की सांगता येत नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

मिस्त्री नर्सबाईंच्या गाडीवरच आहेत. गिअरबॉक्सचं चेंबर, म्हणजे तळाचं तेलाचं भांडं, खाली काढलं. आत तळाशी लोहचुंबकाचे दोन तुकडे असतात, झिजलेलं लोखंड धरून ठेवायला. त्यांच्यावर काळ्या लोण्यासारखा थर होता. त्यांनी बोटानं पुसून उजेडात धरला.

“भुकटी आहे, कण नाहीत,” ते म्हणाले. “पट्टा वाचला असेल. असेल म्हणतोय.”

एकदा तेल काढून भागत नाही. निम्मं आतल्या चक्रात राहतं. नवीन घालायचं, इंजिन चालवून गरम करायचं, पुन्हा काढायचं. तीनदा, चारदा, आतलं जुनं पातळ होत जाईपर्यंत. मी स्वतः मागच्या खोलीतून तीन वेढ्यांच्या डब्यातून तेल आणून दिलं.

हीच वेळ, असं वाटलं. म्हटलं, “मिस्त्री, त्या वायरी...”

“कुठल्या वायरी?”

“कॅनच्या कडीला होत्या त्या. मी तोडल्या.”

त्यांनी वर बघितलंही नाही. “मला नाही माहीत कुठल्या वायरी. बाजूला व्हा, वहिनी, गरम तेल उडेल.”

मी बाजूला झाले.

आता पेच असा. भाऊजींना खरं सांगायचं तर मिस्त्रींना वाचता येत नाही हे सांगावं लागेल. ती गोष्ट त्यांची आहे, माझी नाही. म्हणजे मला गप्पच बसलं पाहिजे. हे मला पटलं आणि पटल्याबरोबर हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटतेय. गप्प राहायला इतकं चांगलं कारण सापडलं की ते कारण खरं की सोयीचं, हे माझं मलाच कळेना.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

डिप्लोमावाला बघून गेला. चुणचुणीत आहे. कपाट बघून म्हणाला, “व्वा, काय सिस्टीम आहे!” मिस्त्री तिथेच होते.

दुपारी त्यांनी स्वतःची हत्यारं वेगळी काढली. पाने एका फडक्यावर मांडून त्यातले ह्यांनी दिलेले बाजूला ठेवले. मी म्हटलं, “ते तुम्हालाच दिलेत.” ते म्हणाले, “गॅरेजसाठी दिले होते.”

नर्सबाईंचा फोन आला. आठवडाभर बसनं फिरतायत. दिवसाला सहाच घरं होतात. टेकडीवरच्या आजोबांच्या पायाला वास यायला लागलाय. “सोमवारी गाडी चालली पाहिजे,” म्हणाल्या. “नाहीतर त्या आजोबांना मी तुमच्या गॅरेजात आणून बसवते.”

सोमवार, २४ फेब्रुवारी

आजचं नीट लिहून ठेवायचंय.

दहा वाजता नर्सबाई आल्या. भाऊजी आणि डिप्लोमावालाही आले. भाऊजी त्यांना म्हणाले, “बाई, माफ करा, आता असं होणार नाही. आम्ही माणूसच बदलतोय.” मिस्त्री गाडीशेजारी मान खाली घालून उभे होते.

मी रात्रभर विचार करून ठरवलं होतं. म्हटलं, “माणूस बदलायची गरज नाही. चूक माझी आहे. कॅनवर लेबल मीच उलटं लावलं होतं. मिस्त्रींनी लेबल वाचूनच तेल भरलं.”

भाऊजींनी कपाटाकडे बघितलं. “लेबल तर बरोबर आहे.”

“मी नंतर बदललं. गाडी परत आली त्या दिवशी.”

“म्हणजे दहा दिवस तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

लेबलाचं खोटं होतं, पण हे ‘हो’ जवळजवळ खरं होतं; आठ दिवस तर मला माहीत होतंच. भाऊजींचा चेहरा बघवेना. ह्यांच्या माघारी हा माणूस मला कधी उलटून बोललेला नाही. ते फक्त म्हणाले, “वहिनी, आणि तुम्ही त्यांना रोज समोर बघत होतात?”

मला वाटलं, झालं. एवढं सोसलं की संपलं. त्यांचं गुपित शाबूत, त्यांचं काम शाबूत, लाज काय ती माझ्या एकटीची. मनातून मी स्वतःवर थोडी खूशसुद्धा होते.

“खोटं बोलतायत त्या,” मिस्त्री म्हणाले.

मान अजून खालीच. “लेबल पहिल्या दिवसापासून बरोबर आहे. वहिनींनी मेहनत घेऊन लावलंय. मला वाचता येत नाही. दोन कॅनमधला एक उचलला मी, अंदाजानं. विचारायची लाज वाटली.”

डिप्लोमावाला खोकला. तो खोकला नव्हता, दाबलेलं हसू होतं, आणि ते सगळ्यांना कळलं. मिस्त्रींचे कान लाल झाले होते. साठीचा माणूस, आणि कान शाळेतल्या पोरासारखे लाल.

“बावीस वर्षं?” भाऊजी म्हणाले. “दादाला माहीत होतं?”

“मालकच खुणा करून ठेवायचे.”

“मग खुणा कुठे गेल्या?”

मी म्हटलं, “त्या मी तोडून टाकल्या. काय आहेत ते न विचारता. आणि गिऱ्हाइकांसमोर मी त्यांना टोचून बोलले, म्हणून त्यांनी विचारायचं सोडलं.”

नर्सबाईंनी पेटी बॉनेटवर ठेवली. “हे बघा, तुमच्यात कोण जास्त चुकलंय ते तुम्ही सावकाश ठरवा. मला अकरा घरं करायचीत. गाडी चालते का?”

मिस्त्री चावी घेऊन बसले. त्या शेजारी बसल्या. समोरच्या चढावर गाडी गेली, थांबली, पुन्हा निघाली. थरथर नाही, ओरडणं नाही. वळणावरून दिसेनाशी झाली आणि दहा मिनिटांनी परत आली. उतरून मिस्त्री म्हणाले, “हजार किलोमीटरनंतर तेल पुन्हा एकदा काढू.” मग कपडे बदलले, हत्यारांची पेटी उचलली आणि कुणाकडेही न बघता गेले.

भाऊजी जाताना म्हणाले, “मी मध्ये पडत नाही आता. गॅरेज तुम्ही बघता, माणूस तुम्हीच ठरवा.”

मला वाटलं होतं मी त्यांना वाचवतेय. माझं खोटं खोडून काढायला त्यांना चार माणसांत उघडं व्हावं लागलं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

चार दिवस मिस्त्री आले नाहीत. फोन उचलत नाहीत. आज गॅरेज लवकर बंद करून त्यांच्या घरी गेले. दुसरा मजला, अरुंद जिना, दारात धुतलेल्या चपला वाळत होत्या.

दार त्यांच्या बायकोनं उघडलं. मला आत घेतलं, पाणी दिलं. मग दबक्या आवाजात म्हणाली, “ताई, तुम्हाला तरी माहीत होतं का हो?”

“काय?”

“त्यांना वाचता येत नाही ते.”

ती कॉटच्या कडेला बसली.

“पस्तीस वर्षं झाली लग्नाला. रोज सकाळी पेपर उघडून बसतात समोर. मध्येच मान हलवतात. कधी ‘काय चाललंय जगात’ म्हणून उसासा टाकतात. मी म्हणायची, मलाही सांगा की जरा. तर म्हणायचे, ‘तुला काय करायचंय, वाईटच आहे सगळं.’ मला वाटायचं, माझ्याशी बोलायला कंटाळतात. परवा टायरच्या दुकानातून कुणीतरी इथे येऊन सांगितलं, हसत हसत. तेव्हा कळलं.” तिनं पदरानं डोळे टिपले आणि तिला एकदम हसू आलं. “पेपर कधी उलटा नाही हो धरला त्यांनी. फोटो बघून धरत असणार.”

मीही हसले. हसताना आमच्या दोघींच्या डोळ्यांत पाणी होतं.

मिस्त्री आतल्या खोलीच्या दारात येऊन उभे होते. किती वेळ, कुणास ठाऊक. बायको उठून चहा ठेवायला गेली.

मी तोंडपाठ करून आलेली माफी विसरले. ते म्हणाले, “नर्सबाईंची गाडी?”

“चालतेय. आजोबांचा पायही बरा आहे म्हणाल्या.”

“हं.”

“सोमवारी येताय ना?”

“लाज वाटते, वहिनी. तुमच्यासमोर यायची.”

“मला तुमच्यासमोर यायची वाटते,” मी म्हटलं. “चार दिवस मीही मागच्या दारानं जाते-येते.”

ते फरशीकडे बघत म्हणाले, “मग दोघांनी तोंडं लपवून गॅरेज चालवायचं कसं? गिऱ्हाईक कुणाशी बोलेल?”

त्यांनी येतो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. मी चहा घेऊन निघाले.

सोमवार, ३ मार्च

साडेनऊ झाले तरी रॅम्प रिकामा होता. दहाला एक गिऱ्हाईक आलं, जुनी मोठी ऑटोमॅटिक. थांबून निघताना झटका देते, अशी तक्रार. त्या गृहस्थांना चटकन उत्तर हवं होतं आणि माझ्याकडे पुस्तकातली सहा कारणं होती. मी तिसऱ्यावर असताना मागून आवाज आला, “इंजिन चालू ठेवा, बंद करू नका. गरम गाडीतच तेल मोजायचं असतं.”

मिस्त्री. हातात पेटी. पाने ठेवून त्यांनी बाह्या वर केल्या, तेलाची पट्टी ओढून काढली, पुसली, पुन्हा घालून काढली. “कमी आहे. एक लिटर तरी.” मग ते कपाटाकडे गेले आणि त्या सगळ्या सारख्या, स्वच्छ, पांढऱ्या लेबलांसमोर उभे राहिले. मी गल्ल्यावरून उठले. निम्म्या वाटेत थांबले, कारण धावत जाणं बरं की न जाणं बरं, ते मला कळेना.

त्यांनी एक कॅन उचलला, गिऱ्हाइकाच्या समोर धरला आणि माझ्याकडे वळून, गॅरेजभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “वहिनी, मला वाचता येत नाही. ह्याच्यावर काय लिहिलंय?”

त्या गृहस्थांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

“साधं ऑटोमॅटिक,” मी त्यांच्याइतक्याच मोठ्यानं वाचलं. दोनच शब्द होते, माझ्याच हातानं छापलेले.